पातळ झालेली आंबील

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यातला चोर मीच आहे.

हिवाळ्याच्या रजेत मी केजजवळ आमच्या गावी गेलो होतो. दुष्काळ होता, तरी येळवस अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला निघालं. वहिनींची ताक-ज्वारीची आंबील नावाजलेली. ती प्यायला शेजारच्या शेतांतली माणसं मुद्दाम यायची. आंबिलीची घागर माझ्या डोक्यावर होती. बांधावर ठेच लागली आणि निम्मी आंबील सांडली. विहिरी कोरड्या. वाटेतल्या दूध सोसायटीच्या दारात कॅन विसळलेल्या पांढुरक्या पाण्याची बादली होती. मी तीच घागरीत रिकामी केली.

शेजारचे काका पहिला घोट घेऊन म्हणाले, "सूनबाई, औंदा आंबिलीतबी दुष्काळ पडला काय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"हातच गेला माझा," वहिनी म्हणाल्या. पुढच्या वर्षीपासून आंबील जाऊबाईंकडे गेली.

दर येळवशीला मी मनात वाक्य जुळवून जायचो. वहिनी पालेभाज्या-शेंगदाण्यांची भज्जी वाढायला वाकल्या की तोंडातून निघायचं, "अजून थोडी वाढा." त्या गेल्या त्या दिवशीही, "वहिनी, पाणी मी घातलं होतं, माफ करा," हे वाक्य जुळवलेलंच होतं.