आतोबांच्या शेजारची जागा

रिबका आत्याचा फोन आला, "मलिद्याला ये. परवा डॅनी मला घेऊन चाललाय. मग कुठली आत्या नि कुठलं गाव!" तिचा मुलगा डॅनी इस्रायलला असतो, तो आईला कायमचं न्यायला आला होता. बोईसरकडच्या पाम गावाजवळच्या त्या खेड्यात आम्हा बेने इस्रायलींचं तेवढं एकच घर उरलेलं. मी गाडी काढली.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर मनोर फाट्यावरून पालघर आणि पुढे बोईसर असं जा. बोईसरात ट्रक आणि खड्डे मिळून जीव नकोसा करतात, म्हणून भल्या सकाळी निघा. नाक्यावर कारखान्यातल्या कामगारांच्या हिंदी गलबल्यात चहा नि गरम भजी घ्या, झकास असतात आणि खिशालाही चाट बसत नाही. समुद्र बघायचा तर केळव्याला मुक्काम करा. माझं मात्र या वेळी समुद्राकडे लक्षच नव्हतं.

आमचे पूर्वज इथे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाला ज्यू वगैरे शब्द कुठले ठाऊक? आम्ही आपले 'शनवार तेली'! म्हातारी माणसं अजून तसंच म्हणतात.

आत्या परातीत मलिदा कालवत होती: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन मलिदा करायचा आणि मागणं मागायचं, ही आमची रीत. दारात शेजारची जनाबाय कोळीण डोळ्यांना पदर लावून बसलेली. आम्हाला खवल्यांचाच मासा चालतो, कोळंबी-खेकडे वर्ज्य.

"टोपली उतरली का पयलं खवल्याचं म्हावरं हिच्यासाठी बाजूला काढते मी," जनाबाय मला म्हणाली. "हाताला सवय लागली हाय. आता कोनाला देऊ?"

"विक की गं बये, चार पैसे येतील!" आत्या म्हणाली. दोघी खो-खो हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मला तर बघवेना.

उन्हं उतरल्यावर आत्या डॅनीला आणि मला कब्रस्तानात घेऊन गेली. गुडघाभर गवत, आणि त्यात दगड, अर्धे हिब्रू, अर्धे मराठी. आतोबांच्या कबरीशेजारची मोकळी जागा तिनं हातानं साफ केली.

"हे माझं अंथरूण," ती डॅनीला म्हणाली. "तिकडे मेले तर मला इथे आणशील?"

डॅनीनं तोंड फिरवलं. आमच्यात मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवत नाहीत, होईल तितक्या लवकर माती देतात. इतक्या लांबून कोण आणणार होतं तिला?

"आणेन आत्या. शप्पथ," मी म्हणाले.

आमच्या रीतीप्रमाणे तिनं कबरीवर एक खडा ठेवला आणि गुमान निघाली. दुसऱ्या दिवशी डॅनीबरोबर ती गेली.

घरी आल्यापासून ती शप्पथ मला छळत होती. काल आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथली थंडी, बेचव टोमॅटो, नातवंडांचं मोडकंतोडकं मराठी असं सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "डॅनीला इथलीच जागा बघून ठेवायला सांगितलीय. तू खोटं बोलतेयस ते मला तिथंच कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर विमानात कशी चढले असते गं?"