कुवेतचा प्रिंटर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि माझ्या पोटातलं एरवी तिला न विचारता कळतं. तुम्हाला का सांगतोय? तेही मला नीट ठाऊक नाही. सांगतोय, एवढंच.

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. टायपिंग, प्रिंट, दुरुस्ती, शाई भरून देणं. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. कुणाचा प्रिंटर अडला की तो माझ्याकडे यायचा, आणि झाकण उघडायच्या आधीच मी रोग सांगायचो. बहुतेक वेळा तो बरोबरही निघायचा. त्याची मला भारी मिजास होती.

खाडीपलीकडचे इब्राहिमचाचा माझं जुनं गिऱ्हाईक. उमेदीची सगळी वर्षं जहाजावर काढलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांचा मुलगा कुवेतला होता. सुट्टीवर येताना त्याने धाकट्या बहिणीसाठी, नसीमासाठी, प्रिंटर आणला. नसीमा घरी बसून आखातात जाणाऱ्या पोरांचे बायोडाटा करून द्यायची. इंग्रजी चांगलं होतं तिचं. खाडीपलीकडच्या तीन-चार गावांतली पोरं तिच्याकडे जायला लागली होती. ती पोरं आधी माझ्याकडे यायची — हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे सांगायचं राहून जाईल. मुद्दाम राहून जाईल.

चाचांना मुलीचं हे काम मनातून पसंत नव्हतं. पण मुलाने हौसेने वस्तू आणलेली, म्हणून ते गप्प होते. चालतंय तोवर चालू दे, एवढीच त्यांची परवानगी. नसीमानेच एकदा हसत हसत मला हे सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

प्रिंटरबरोबर आलेली शाई संपली तेव्हा तिने माझ्याकडून नवीन कार्ट्रिज नेलं. त्याच कंपनीचं, अस्सल, सीलबंद. कसं बसवायचं तेही मी दाखवलं. पण प्रिंटर ते घेईना. दुसऱ्या दिवशी बापलेक प्रिंटर चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन आले. मी फळीवरचं दुसरं कार्ट्रिज घालून पाहिलं. स्क्रीनवर तेच — चुकीचं कार्ट्रिज. पुसून पाहिलं, काढून घालून पाहिलं. दुकानात चार माणसं उभी, सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे. मला काही म्हणता काही कळत नव्हतं. आणि 'मला कळत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघत नसत.

चाचांनी विचारलं, "पोरीनं बिघडवलंन काय ओ?"

किती सोपं करून दिलं त्यांनी. मी मान हलवली. म्हटलं, बसवताना चूक झाली असणार, आतलं सर्किट गेलं, आता काही व्हायचं नाही.

"दादा, तुम्ही दाखवलंत तसंच बसवलं मी," नसीमा म्हणाली. मी स्क्रू आवळत राहिलो. तो आधीच घट्ट होता.

एवढंच असतं तर त्याला अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण एवढंच नाही.

सुटे भाग कामाला येतील म्हणून चाचा प्रिंटर माझ्याकडेच टाकून गेले. चार दिवसांनी मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, मशीन कुठे घेतलंय? कंपनीने जगाचे भाग पाडले होते म्हणे. कार्ट्रिजवरच्या चिपमध्ये त्या भागाची खूण असायची, आणि कुवेतच्या प्रिंटरला आपल्याकडची चिप चालायची नाही. बाहेरून दोन्ही कार्ट्रिज सारखीच. बिघाड कसलाच नव्हता. बाईंनी मला स्क्रीनवरचा आकडा वाचायला लावला, उलट एक आकडा दिला, तो मी टाकला. प्रिंटर खडखडला आणि स्वच्छ छापलेलं पान बाहेर आलं. दहा मिनिटं लागली असतील.

फोन हातातच होता. चाचांच्या घरचा नंबर पाठ होता. मग? पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या. नंतर म्हटलं, आता सांगितलं तर दुकानाची अब्रू जाईल. आणि नंतर — खरं सांगू? — नंतर ती पोरं पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढायला लागली. त्यांचे बायोडाटा मी नसीमाच्याच प्रिंटरवर छापून दिले. तीन वर्षं. त्यावरचं कुवेतच्या दुकानाचं स्टिकर मी नखाने खरवडून काढलं होतं. घाईगर्दीत, नकळत झालं असं तरी कसं म्हणू? स्टिकर खरवडायला बराच वेळ लागतो. लाज वाटते, हो. तेव्हाही वाटत होती, म्हणून तर खरवडलं.

मधे एकदा चाचा सहज दुकानात आले. प्रिंटर माझ्या पाठीमागेच होता. बसले, आणि आपणहून बोलायला लागले.

"कुवेतवाला दुसरं मशीन पाठवत होता. मीच नको म्हटलं. तुम्ही तेव्हा खरं सांगितलंत, बरं झालं. आता तीच कशाला हात लावत नाही. मोबाईलपण भावजयीकडून लावून घेते. म्हणते, माझ्या हातून बिघडेल."

मी ऐकलं. चाचांसाठी चहा सांगितला. त्यांनी तो सावकाश प्यायला, माझ्या घरच्यांची चौकशी केली आणि गेले.

चाचा आता नाहीत. नसीमा खाडीपलीकडेच असते, एसटीने अर्धा तास. मी अजून गेलेलो नाही.