आईची फुंकर आणि पुण्याचे मशीन

यंदाच्या फेब्रुवारीतला दुसरा सोमवार. तपासणीसाठी मिळायची ठरलेली रक्कम तीनशे रुपये, आईची मजुरी बुडणार म्हणून. घरी हजर तिघे: आई, मी आणि फुप्फुसांच्या जुनाट आजारांवर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या संस्थेचा तंत्रज्ञ. थोरला भाऊ बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेला होता. त्याला विचारायचे राहून गेले.

मशीनवर फुंकर नीट नोंदली गेली तर आई संस्थेच्या अभ्यासात घेतली जाणार होती आणि तिला श्वासाचा पंप वर्षभर फुकट मिळणार होता. आडवे झाले की धाप लागायची, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची.

तंत्रज्ञाने तिच्या नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली. मशीनला एकच लांब फुंकर हवी होती, छाती रिकामी करणारी. आई जन्मभर चूल फुंकलेली. ती गाल फुगवून फुंकणीत मारतात तशा तुटक फुंकरी मारी.

"आजी, आपल्याला चूल नाही पेटवायची!"

"मंग फुकायचं तरी कशाला रं बाबा?"

शेवटी त्याने तिचे फुगणारे गाल दोन्ही तळव्यांनी दाबले आणि ओरडला, "जोरात! अजून! थांबू नका!"

तेवढ्यात भाऊ दारात आला. त्याला दिसले ते आईचे चिमट्यातले नाक, तोंडातली नळी, बाहेर आलेले डोळे आणि परक्याचे हात.

"म्हातारीला मारतो व्हय रं?"

हातातली बैलाची काठी त्याने तंत्रज्ञाच्या डोक्यात घातली. कानामागे फाटले. दुसरा फटका मशीनवर बसला. मी मध्ये पडलो, तो तिसरा माझ्या मनगटावर. हाड मोडलेले मला ऐकू आले. मी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. दात पडला. आम्ही भुईवर लोळत एकमेकांना मारत होतो.

आई ओरडायला गेली आणि तिचा श्वासच अडकला. ओठ निळे पडले. आम्ही एकमेकांची गचांडी सोडली नाही, नुसते बघत राहिलो. तंत्रज्ञाने रक्ताच्या हाताने बॅगेतला पंप काढला आणि तिच्या तोंडात फवारा मारला. थोड्या वेळाने छाती हलली.

"आता मार की त्याला," आई भावाला म्हणाली.

त्या माणसाने तक्रार केली नाही. मशीनची भरपाईही कोणी मागितली नाही. पण संस्थेने आमची वस्ती अभ्यासातून वगळली, फुकटचा पंप गेला. त्याच्या टाक्यांचे अठराशे मी दवाखान्यात भरले. आईच्या पंपाचे चारशे ऐंशी भावाने नारायणगावच्या मेडिकलवाल्याला दिले.