होलोंगचा खांब

आमच्या नामघराचा, म्हणजे आम्हा आसामी गावकऱ्यांच्या प्रार्थनाघराचा, मधला खांब टंकेश्वर मोरानच्या परसातल्या होलोंग झाडाचा. पंचवीस जणांनी तो खांद्यावरून आणला तेव्हा अख्खं गाव नाम गात पुढे चाललं होतं. टंकेश्वरची मान तर खाली यायला तयार नव्हती. देवाच्या घराला एवढं उंच झाड देणारा दुसरा होता कोण?

चौथ्या दिवशी सकाळी होलौ गायले. होलौ म्हणजे आमच्या रानातलं बिनशेपटीचं, लांब हातांचं वानर. जन्म झाडावर काढतं, जमिनीवर क्वचितच उतरतं. नर काळा, मादी तांबूस. जोडी जमली की आयुष्यभराची. रोज सकाळी दोघं मिळून गातात. साठ वर्षं ऐकतोय, अजून माझ्या हातातला चहा गार होतो. त्या दिवशी मात्र नर पूर्वेच्या रानातून गायला आणि मादी पश्चिमेच्या. मध्ये टंकेश्वरचं परस, आणि परसात होलोंगचा ओला बुंधा.

दोन रानांमधला तो एकच पूल होता. आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

टंकेश्वरनं नामघरात जाणं सोडलं. पायरीवरूनच नमस्कार करायचा.

"आत या की, खुरा," मी म्हणायचो. खुरा म्हणजे काका, सगळं गाव त्याला तशीच हाक मारतं.

"एकाचं घर मोडून दुसऱ्याचं बांधलं. कुठल्या तोंडानं येऊ?"

पुढे विद्यापीठातून जूरी दास नावाची मुलगी आली. वर्षभर वही घेऊन झाडांखाली बसली. कोण कुठल्या फांदीवर, काय खाल्लं, सगळं लिहिलं. दोघं असेच वेगळे राहिले तर या रानात पिल्लू दिसणार नाही, आणि खाली उतरले तर कुत्री फाडतील, असं तिनं सभेत सांगितलं. त्या दिवसापासून घरोघरी सकाळी कुत्री बांधली जाऊ लागली. परसावरून तिनं जाड दोर ताणला. नर यायचा, दोराला हात लावायचा आणि मागे फिरायचा. अकरा महिने हेच.

"माझा दोर चुकला का, खुरा?"

"दोर पक्का आहे गं, माजनी. पण तो फांदी आधी चाचपतो, बघितलंस ना? हा दोर मेलेला आहे. त्याला पानं पाहिजेत."

टंकेश्वरनं दोन्ही टोकांना गुळवेल लावली. दर आठवड्याला वर चढून कोवळे शेंडे दोराला गुंडाळायचा.

"या वयात झाडावर! मला विधवा करायचा बेत आहे वाटतं," त्याची बायको ओरडली. रूपाही तिचं नाव.

"एकीला आधीच केलंय मी," तो म्हणाला.

रूपाहीनं शिडी धरली, आणि नंतर प्रत्येक वेळी तीच धरत राहिली.

दोन पावसाळ्यांत दोर दिसेनासा झाला, नुसती हिरवी वेल. मग फागुनातल्या एका सकाळी पूर्वेचं रान गप्प राहिलं. मादी एकटीच गायली, थांबली, पुन्हा गायली. टंकेश्वर हातातली सुपारी टाकून अनवाणी धावत आला. जूरीनं वही मिटली. नर गेला, असंच आम्ही सगळे समजलो.

तेवढ्यात मादीच्याच झाडातून दुसरा आवाज उठला. खोल, मग चढत चढत तिच्या आवाजात मिसळलेला. वेलीचा मधला भाग अजून हलत होता. चार वर्षांनी ते एका फांदीवरून गात होते, आणि माझ्या अंगावर जो काटा आला तो आजही तसाच येतो.

टंकेश्वरनं हातपंपावर पाय धुतले आणि नामघराची पायरी चढून आत गेला. खांबाला दोन्ही हात लावून बराच वेळ उभा राहिला. मग वळून बसायला जागा शोधू लागला. त्याची जागा आम्ही चार वर्षं रिकामीच ठेवली होती.