सातवी सही

फिलोमिनाबाई कुणाकडेही गेल्या की बसण्याआधी नळ सोडून बघायच्या. माझ्या वालीवच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हाही नमस्काराआधी मोरीत शिरल्या. "येतं पानी," म्हणाल्या, आणि मग नाव सांगितलं.

एखाद्या योजनेचा लोकांना खरंच उपयोग झाला का, हे जागेवर जाऊन तपासायचं आणि अहवाल द्यायचा, हा आम्हा मूल्यमापकांचा धंदा. भुईगावच्या या बाईंचं आयुष्य त्यात गेलं. मी कारखान्यात पॅकिंग करत शिकलो आणि बोलण्याच्या जोरावर यात शिरलो. जिल्ह्यातल्या मूल्यमापकांची संघटना काढायची ही कल्पना त्यांची. पण माणसं जमवली मी, नियमावली लिहून घेतली मी, हॉलवाल्याशी भांडून हॉल फुकट मिळवला तोही मी. नोंदणीला सात सह्या लागत होत्या. आम्ही बरोबर सात होतो.

बाईंनी एकच अट घातली. प्रत्येकाचा एक जुना अहवाल दुसऱ्याने जागेवर जाऊन पडताळायचा. माझा त्यांनी स्वतः घेतला. एका पाड्याची नळयोजना होती. मी 'सुरळीत' असं लिहिलं होतं. पुढच्या सभेत त्या उभ्यानेच बोलल्या. बसून बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"नळ कोरडा हाय. तू फोन करून गेला होतास ना?"

"कळवून जायची पद्धतच आहे, बाई."

"मग त्यांनी टाकीत टँकर ओतला. पानी तुझ्या फोनला आलं, नळाला नाय."

कुणीतरी हसलं. मी फाइल टेबलावर आपटली. "माझ्याशिवाय सात होत नाहीत."

"मग सहा बसू. घाई कोनाला हाय?"

मी सही न करताच निघून गेलो. घाई त्यांनाच होती. आजार हाडापर्यंत गेलाय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या तीन महिने थांबल्या. शेवटी डहाणूची एक मुलगी सातवी मिळाली. नोंदणीचा कागद आला तेव्हा बाई खाटेला खिळल्या होत्या. मला त्यांनी सभासदाचा कोरा अर्ज पाठवला. कोपऱ्यात त्यांच्या थरथरत्या अक्षरात 'आठ' लिहिलं होतं. मी तो फाडणार होतो.

त्यांच्या दफनाला गेलो, पण तिथे पाय ठरेना. तडक त्या पाड्यावर गेलो, फोन न करता. नळ सोडला. नुसती हवा फुसफुसली. हंडा घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"आधी सांगायचं ना साहेब, पानी आनलं असतं."

संस्थापकांत माझं नाव हवं होतं, हे मी आजही कुणालाही ऐकवतो. पण अर्ज भरला, आणि सोबत त्या पाड्याचा नवा अहवाल जोडला. एकाच वाक्याचा आहे. वाक्य त्या हंडेवालीचं.