वारासुद्धा नव्हता

नवरात्रातली सहावी माळ, १९८३. बोरीवलीचं आमचं घर, दिवेलागण झालेली. हजर: मी. नवरा कामावर, मुलगी क्लासला, सासूबाई शेजारी आरतीला.

म्हणजे घरात मी एकटीच. म्हणून हे आजवर कुणाला कळलं नाही — आणि मीही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

आमच्याकडे घट बसतात. बाहेरच्या खोलीत, कारण दुसरी जागा नाही. दिवा नऊ दिवस अखंड तेवला पाहिजे, म्हणून नऊ दिवस पंखा बंद. ऑक्टोबरात! शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "तुमच्याकडे यायचं तर टॉवेल घेऊन यावं लागतं गं." मी हसायचे. ऑफिसात मात्र जेवणाच्या सुट्टीत तावातावाने सांगायचे — देवधर्माने पंख्याच्या बटणापर्यंत येऊ नये. घरी? घरी एकदाही नाही. दिव्याला काच लावू या, एवढं म्हटलं असतं तरी आईंनी ऐकलं असतं. गॅस, मिक्सर, सगळं त्यांनीच हौसेने आणलेलं. मग का बोलले नाही? चांगली सून म्हणवून घ्यायचं होतं, दुसरं काय.

त्या वर्षी आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला होता. ऑपरेशनला त्या घाबरत होत्या. शेवटी घटापुढे बसून देवीला म्हणाल्या, माझा दिवा नऊ दिवस राहिला तर डोळ्याला हत्यार लावून घेईन. हे मी ऐकलं होतं. दसऱ्यानंतरची वेळ डॉक्टरांकडून मीच घेऊन आले होते.

तरी त्या संध्याकाळी, ऑफिसातून आल्या आल्या — पंखा लावला. जरा वेळच, असं मनाशी म्हटलं. भिंतीला टेकले आणि डोळा लागला. जिन्यात आईंच्या चपला वाजल्या तेव्हा जागी झाले. दिवा गेलेला. काडेपेटी हाताशी होती. पण हात आधी कुठे गेला? बटणाकडे.

दारातच त्यांना विझल्या वातीचा वास आला. "दिवो गेलो काय गो?"

"आत्ताच गेला, आई." इथे थांबले असते तरी — पण नाही. "तेल होतं. वारासुद्धा नव्हता."

कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणाले.

त्या घटासमोर बसल्या. "वारो नाय, तेल आसा, मगे गेलो कसो?" आणि मग, अगदी शांतपणे, "डॉक्टराक सांग. देवीक नको आसा."

मी सांगितलं डॉक्टरांना. तत्परतेने. कामं मागे ठेवायची मला सवय नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या वर्षी डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला, आतला दाब वाढला. त्या डोकं धरून तळमळत होत्या, मी कपाळ चेपत होते — तेव्हा तरी? नाही. तो डोळा गेला. उजव्याचं अजून होण्यासारखं आहे, डॉक्टर म्हणतात, पण आता लवकर. मी काय करायचं ठेवलं? दुसरे डॉक्टर झाले. नवऱ्याने समजावून झालं. ऑपरेशन झालेल्या एक बाई घरी आणून त्यांच्यासमोर बसवल्या. आई सगळ्यांना एकच सांगतात: "माझी सून थयच होती. इचारा तिका. वारो नव्हतो."

आणि सगळे माझ्याकडे बघतात. मी चहा टाकायला आत जाते.

आज पुन्हा घट बसले आहेत. पंखा बंद आहे. आई दिव्याजवळ बसून, उजवा डोळा बारीक करून ज्योत शोधताहेत. फुलं आणली. तेल आणलं. वाती वळून झाल्या.

आईंना सांगायचं राहिलं आहे.