तुळशीचा उपास

गुरुदास मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि शहाऐंशी सालच्या एप्रिलात त्या विज्ञानानेच त्यांना रडकुंडीला आणलं होतं.

मास्तरांकडे हौशी रेडिओचा परवाना होता. घरबसल्या देशोदेशीच्या माणसांशी बोलायचं! असलं वेड आख्ख्या गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं, हे गावाचं नशीबच. धाकटा भाऊ सदानंद नैरोबीत, त्यालाही तेच वेड. मास्तरांच्या साध्या सेटचा आवाज तिथवर पोचेना, म्हणून वर्षभर खपून त्यांनी दोन जाडजूड काचेच्या व्हॉल्व्हचा, आवाज लांब फेकणारा ॲम्प्लिफायर बांधला. त्याच्या अर्थिंगची तांब्याची सळी अंगणात तुळशीवृंदावनाच्या बुडाशी पुरली. बाकी सगळा जांभ्याचा कातळ, ओल मिळाली तर तिथेच.

सोमवार ते शनिवार ॲम्प्लिफायर शहाण्यासारखा चाले. सदानंदची वेळ रविवारी संध्याकाळी सहाची, आणि मेला नेमका रविवारीच पिसाळायचा! मास्तरांनी तोंड उघडलं की मीटरचा काटा थयथयाट करी, व्हॉल्व्ह आतून लालबुंद होत, माइक ओठाला झटके देई. तिकडे आवाज पोचतच नसे. सदानंद मात्र स्वच्छ ऐकू यायचा, कारण ऐकायला ॲम्प्लिफायर लागत नाही.

"दादा, तुझो आवाज येना नाय! आसस मां थंय?"

आई, आनंदीबाई, शेजारी पाटावर बसलेल्या असत. बिनपरवान्याच्या माणसाने माइकवर बोलायचं नाही, हा सरकारी नियम मास्तरांनी त्यांना बजावला होता. ऐकायला कोण अडवतो?

"माझो झील हाका मारता," त्या कडाडायच्या, "आणि तू ओ देणस नाय?"

मास्तर भंजाळले. व्हॉल्व्ह बदलले, कॉइल नव्याने गुंडाळली. गिरणीच्या मोटरवर संशय घेतला, तर गिरणी रविवारी बंद! शेजारचा धोंडू म्हणाला, "मास्तरांनू, तुमचो रेडिओ सरकारी नोकर. आयतवारची सुट्टी घेता." मास्तरांना हसू आलं नाही. सदानंदचं पत्र आलं होतं. येत्या रविवारनंतर तो दूर आडरानात, धरणाच्या कामावर जाणार होता. दोन वर्षं. तिथे सेट नेता येत नव्हता.

तशात गुरुवारी ॲम्प्लिफायरची चाचणी घ्यायला बसले, तर पुन्हा झटका! आता गुरुवारी पण? मास्तरांनी डोकं धरलं. बायको सत्यवती उकडलेली रताळी घेऊन आली. "एकादशीचा उपास, त्यात ही चिडचिड. आधी खावा बघू. आज ती तुळस पण उपाशी, पण ती अशी थयथयता काय?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांच्या घरात एकादशीला आणि रविवारी तुळशीचा उपास. त्या दिवशी तिला पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाणी नाही म्हणजे ओल नाही, आणि ओल नाही तर अर्थिंग कसलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा!

पण कळलं म्हणून काय झालं? हा उपास आईने पन्नास वर्षं पाळलेला. रविवारी सहा वाजले तरी मास्तरांची जीभ रेटेना. सदानंद हाका मारू लागला, तेव्हा कुठे ते बोलले.

"आई, तुळशीत कळशीभर पाणी ओतूक व्हया."

"आयतवारी? वेड लागलां तुका?"

मास्तरांनी ओल, सळी, तार सगळं समजावलं. आनंदीबाई बघतच राहिल्या. "तुळशीच्या पाण्याचो आणि सदाच्या आवाजाचो संबंध काय? माका कायच कळना नाय रे." खरं तर मास्तरांनाही पुरती खात्री नव्हती.

"दादा," रेडिओ बोलला, "आज शेवटचो दिवस. कोण आसा मां रे थंय?"

आनंदीबाई उठल्या. गुडघे धरत पायऱ्या उतरल्या, स्वतः कळशी उचलली आणि वृंदावनाच्या बुडाशी उपडी केली. "बाय माझे, एक दिवस उपास मोड. पाप माझ्या माथ्यार."

मास्तरांनी माइकचं बटण दाबून हाक दिली. काटा जागेवर राहिला. ऐकायला बटण सोडलं.

"दादा! इलो, इलो आवाज! आई खंय आसा?"

मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. आई ऐकतेय, नियमाप्रमाणे बोलू शकत नाही, असं सांगायला तोंड उघडलं, तोच उघड्या खिडकीतून, रिकामी कळशी कमरेवर घेऊन, आनंदीबाईंनी खणखणीत ओ दिली.

"ओ! ओ रे बाबा, ओ! हयच आसंय मी!"

मास्तरांनी बटणावरचा अंगठा उचलला नाही.